हंगामी भाज्यांची सुरुवात करताय? आधी एवढंच

सुरुवात करा, पण सगळा स्वयंपाक एकदम बदलायला जाऊ नका. आठवड्याला दोन-तीन भाज्या जवळच्या शेतातल्या घ्या, बाकीचं आहे तसं चालू द्या.

मोडायची खरी सवय म्हणजे आधी पदार्थ ठरवून मग यादी घेऊन बाजारात जाणं. उलटं करा. ढिगाने काय आलंय ते बघा, पदार्थ नंतर ठरवा. विकणाऱ्याला ‘कधी तोडलंय?’ असं खुशाल विचारा. मका आणि मटार यांच्यात तर याने फारच फरक पडतो. तोडल्यापासून त्यांतल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं आणि गोडी जाते. ते शक्यतो त्याच दिवशी शिजवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ताजी दिसली म्हणून पिशवीभर पालेभाजी आणणं. दोन दिवसांत संपेल एवढीच घ्या.
- भाजी धुऊन ओलीच फ्रिजमध्ये ठेवणं. सडते.
- मुळा, गाजर, बीट पाल्यासकट ठेवणं. पाला पाणी ओढून घेतो आणि खालचा भाग मऊ पडतो. पाला कापून वेगळा ठेवा, टाकू मात्र नका. त्याचीही भाजी होते.
- अर्धेकच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवणं. बाहेरच पिकू द्या.
- मसाल्याचा मारा. ताज्या भाजीला तो कमी लागतो, शिजायला वेळही कमी.

हंगामात तीच भाजी पुन्हा पुन्हा समोर येणार, कंटाळाही येणार. म्हणून प्रत्येक भाजीचे निदान दोन प्रकार शिकून घ्या, जमल्यास त्यातला एक कच्चा. वाळवणं, खारवणं, बरण्या भरणं पुढच्या हंगामात बघू. आत्ता विचारलंत तरी सांगणार नाही!