वाचकांचे प्रश्न : छातीत पुन्हा पुन्हा पाणी होते, टीबी की आणखी काही?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते मुंबईत दारूखान्याला जहाजे तोडण्याच्या कामावर होते. बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांवरचे पांढरे आवरण खरवडून काढणे हे त्यांचे रोजचे काम. संध्याकाळी घरी येत तेव्हा केस आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि आई त्यांचे कपडे झटकून मगच भिजत घाली. गेल्या वर्षी त्यांना धाप लागू लागली आणि उजव्या बाजूला दुखू लागले. एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसले. ते काढून टीबीची औषधे सुरू केली, पण चार महिन्यांनंतर पाणी पुन्हा भरले आहे आणि वजनही उतरते आहे. पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या नाहीत. आता दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय घेतला आहे. काम सोडून चाळीस वर्षे झाल्यावर असे होऊ शकते का? निदान कसे करतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होऊ शकते. पाइपांवरचे ते पांढरे आवरण बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस या उष्णता रोखणाऱ्या तंतुमय खनिजाचे असावे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे कॅन्सर धुळीशी पहिला संबंध आल्यानंतर साधारणपणे वीस ते पन्नास वर्षांनी दिसतात, त्यामुळे चाळीस वर्षांचा काळ संशय कमी करणारा नसून वाढवणारा आहे. श्वासातून आत गेलेले बारीक तंतू शरीराला सहजी विरघळवता येत नाहीत. ते फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतात आणि तिथे वर्षानुवर्षे दाह चालू ठेवतात. या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. दक्षिण आफ्रिकेत निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांची माहिती १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा हा संबंध ठळकपणे पुढे आला. त्या रुग्णांपैकी अनेकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते, ते केवळ त्या भागात राहिलेले होते. म्हणूनच आपल्या आईंना खोकला, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर कपडे झटकण्याची ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिल्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्याकडे एका बाजूच्या छातीत पाणी झाले की टीबीचा विचार आधी येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पाण्यातील एडीए या घटकाचे प्रमाण ४० युनिटच्या वर असेल तर टीबीची शक्यता वाढते. मात्र मेसोथेलिओमातही ते कधीकधी वाढलेले आढळते, तेव्हा केवळ त्या आकड्यावर विसंबून राहू नये. औषधे नियमित घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल आणि वजन उतरत असेल, तर तीच औषधे पुढे रेटण्यापेक्षा निदान नव्याने तपासणे योग्य. पाण्यात पेशी मिळाल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही, असेही धरून चालू नका, कारण मेसोथेलिओमात पाण्याची तपासणी अनेकदा निर्दोष येते.

पुढची पायरी म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला छातीचा सीटी स्कॅन. फुप्फुसाचे आवरण गाठीगाठींनी जाड झालेले असेल, जाडी एक सेंटिमीटरहून अधिक असेल किंवा ती हृदयाकडच्या बाजूपर्यंत पसरली असेल, तर संशय बळावतो. रिपोर्टमध्ये ‘प्लुरल प्लाक’ हा शब्द आला तर घाबरू नका. आवरणावरचे हे कडक चट्टे पूर्वी धुळीशी संबंध आल्याची खूण असतात, तो कॅन्सर नव्हे.

खरा निकाल मात्र तुकड्याच्या तपासणीवर लागतो. थोरॅकोस्कोपीत बरगड्यांमधून छोटी दुर्बीण आत घालतात, पाणी काढून आवरण प्रत्यक्ष पाहतात आणि संशयास्पद जागांमधून अनेक तुकडे घेतात. दुसरीकडून पसरलेला कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली मेसोथेलिओमासारखाच दिसू शकतो, म्हणून तुकड्यातील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याच्या चाचण्या कराव्या लागतात. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ सकारात्मक, तर टीटीएफ-१ आणि सीईए नकारात्मक, असे एकत्रित चित्र मेसोथेलिओमाकडे निर्देश करते. एकाच चाचणीवर निर्णय देत नाहीत. पॅथॉलॉजी लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात त्यांचे दुसरे मत जरूर घ्या. पेशींचा प्रकार कोणता, यावर उपचाराची दिशा ठरते. आजार गंभीर आहे आणि तो पूर्ण बरा होणे दुर्मीळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही केमोथेरपीने आणि अलीकडे इम्युनोथेरपीने काही रुग्णांचे आयुष्य वाढते आणि छातीतले पाणी रोखण्याचे उपाय केल्याने धाप बरीच कमी होते.

एक काम घरच्यांनीच करायचे आहे. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते आणि सगळा धागा तिथेच तुटतो. कोणत्या साली, कुठे, नेमके कोणते काम केले, धूळ किती असे, सोबत कोण होते, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे कामगार भरपाई कायद्याच्या (२०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या) तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला दिला होता. ठेकेदाराकडच्या मजुराच्या अशा नोंदी मिळणे अवघडच. तेव्हा जुन्या सोबत्यांचे लेखी जबाब उपयोगी पडतील.

प्रश्न : माझे पती ब्रेक लायनरच्या कारखान्यात होते आणि बिडीही ओढत. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला आहे. ‘हे बिडीमुळेच’ असे सांगतात. मग कारखान्याचा संबंध संपला का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : संपत नाही. फुप्फुसाचा कॅन्सर बिडीमुळे झाला की अ‍ॅस्बेस्टॉसमुळे, हे पेशींकडे पाहून ओळखता येत नाही. अमेरिकेतील लॅगिंग (पाइपांवर उष्णतारोधक आवरण चढवण्याचे काम) करणाऱ्या कामगारांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका, दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत, केवळ अ‍ॅस्बेस्टॉसमुळे सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे अकरापट आणि दोन्ही एकत्र आल्यावर पन्नासपटींहून अधिक आढळला. बिडी ओढत होते एवढ्यावर दावा सोडून देणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ब्रेक लायनरमध्ये त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात होते का, हे आधी पक्के करा. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात अ‍ॅस्बेस्टोसिसचे (धुळीमुळे फुप्फुसात पडणाऱ्या व्रणांचे) जाळे किंवा आवरणावर प्लाक आहेत का, हे रेडिओलॉजिस्टना मुद्दाम विचारा, कारण विचारल्याशिवाय ते रिपोर्टमध्ये येईलच असे नाही.

प्रश्न : आमच्या घरावर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे आहेत. सगळ्यांनी स्कॅन करून घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. धड असलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. कापताना, भोके पाडताना आणि फोडताना ते सुटतात. पत्रे काढायचे झाल्यास पाण्याने भिजवून, न फोडता अख्खे उतरवा आणि खाली पडलेला भुगा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या.