मार्शल योजनेआधी ब्रिटनचं कर्ज वाचा

युद्धोत्तर युरोप नव्याने वाचायला घेताय, तर थेट मार्शल योजनेवर, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकी मदतीवर, उडी मारू नका. आधी ब्रिटनला मिळालेलं अमेरिकी कर्ज समजून घ्या. डिसेंबर १९४५मध्ये करार झाला: ३.७५ अब्ज डॉलर, व्याज २ टक्के, फेड ५० वार्षिक हप्त्यांत. वाटाघाटीला खुद्द अर्थशास्त्रज्ञ केन्स ब्रिटनतर्फे गेले होते. व्याजदर बघून सौदा स्वस्त वाटेल, पण खरी मेख अटीत होती. मागेल त्याला पौंडाचे डॉलर करून द्यायचे! जुलै १९४७मध्ये ती मुभा दिली आणि डॉलर असे आटले, की २० ऑगस्टला ती गुंडाळावी लागली. (भारताची लंडनमध्ये अडकलेली स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे ब्रिटनकडून येणं असलेले पौंड, याच भानगडीतली, तो धागाही जरूर धरा.) शेवटचा हप्ता २००६च्या अखेरीस फिटला.

एवढं डोक्यात बसलं की मार्शल योजना बहुतांश अनुदानाची का होती, ते उमगायला लागतं. मदत बरीचशी मालाच्या रूपात यायची; तो अमेरिकी माल देशात विकून आलेले फ्रँक किंवा लिरा तिथल्या सरकारने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि अमेरिकेच्या संमतीने वापरायचे. फ्रान्सने ते मोने योजनेतल्या (उद्योगांच्या आधुनिकीकरणाची फ्रेंच योजना) गुंतवणुकीत घातले, ब्रिटनने त्यातून मुख्यतः सरकारी कर्ज कमी केलं. खोदायचं तर इथे खोदा. मार्शल यांनी योजना मांडली ते हार्वर्डचं भाषण नंतर वाचलंत तरी चालेल.