तीन वयांच्या मुलांना घरी शिकवताना

ताई, शिरपूरहून तुम्ही विचारलंय की पाच, नऊ आणि तेरा वर्षांच्या तिघांना जूनपासून घरीच शिकवायचं, तर दिवस बसवायचा कसा. आम्ही रावेर तालुक्यात नुकतंच असं एक वर्ष पूर्ण केलंय. माझी मुलं सहा, दहा आणि चौदाची. माझं ठाम मत आहे की घरात तीन इयत्ता मांडू नका. वाचन आणि गणित एवढंच प्रत्येकाचं वेगळं ठेवा, कारण तिथे मागचं कच्चं राहिलं की पुढचं अडतं. बाकी सगळं तिघांनी एकाच विषयावर, आपापल्या वकुबाप्रमाणे करू द्या.

आमच्याकडे तो विषय बहुतेकदा केळी. धाकटी घडाच्या फण्या मोजायची आणि पाटीवर आकडा लिहायची. मधल्याने एकरात बसणारी झाडं काढली. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे पाच बाय पाच फुटांवर सुमारे १,७४२ झाडं आणि पाच बाय सहावर १,४५२. एका फुटाने २९० झाडं कमी होतात हे त्याचं त्याला कळलं, तेव्हापासून भागाकार कर म्हणून मागे लागावं लागलं नाही. थोरलीने त्यावर रोपं, ठिबक, मजुरी आणि क्विंटलचा भाव चढवला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग परवडते की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग यावर आजोबांशी वाद घातला. आजोबांनी जुन्या हिशेबाच्या वह्या काढून दिल्या. टक्केवारी, सरासरी, नफा-तोटा, सगळं तिला तिथे भेटलं. तुमच्याकडे पपई असेल, कापूस असेल. दारात जे आहे ते घ्या.

इतिहासासाठी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊन या. तिथला १२०७चा शिलालेख भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाचा आहे. बराचसा संस्कृतात, पण तिथल्याच पाटण गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला दिल्याचं त्यात त्या काळच्या मराठीत आहे. बाजाराच्या करातून गणिताची शाळा चालायची, हे थोरलीला इतकं भावलं की तिने घरी आल्यावर आपणहून त्यावर लिहिलं. धाकटीने देवळाचे खांब काढले. दोघींचाही तो इतिहासाचाच तास होता.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. थोरल्या लेकराला धाकट्यांचा मास्तर करू नका. आईची सोय होते, पण त्याचं तेरावं-चौदावं वर्ष त्यात जातं. त्याला रोज सलग दोन तास दार लावून स्वतःचं काम करता आलं पाहिजे. त्या वेळात धाकट्यांना आजीकडे सोपवा. आमच्या सासूबाई त्यांना घरच्या बोलीत गोष्टी सांगतात आणि मधला त्या ऐकून वहीत उतरवतो. त्याचं लेखन माझ्या शिकवण्यापेक्षा त्यानेच सुधारलं.

वेळापत्रक आपल्या उन्हाप्रमाणे ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी सहाला बसायचं, दहाला उठायचं. दुपारी पुस्तकं आणि झोप. संध्याकाळी मैदान चुकवू नका. शाळा सोडली की मुलांचे सोबती आपोआप सुटतात, ते मुद्दाम जपावे लागतात. माझ्या मधल्याला हे वर्ष त्या बाबतीत जड गेलं. कबड्डीच्या पोरांमुळे तो सावरला.

कायद्याचं थोडक्यात. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. परत शाळेत जायचं झालं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला जपून ठेवा.

तुमच्या तेरा वर्षांच्या लेकराचं मात्र आत्ताच ठरवा. घरून अभ्यास करून देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला किमान वय १४ लागतं. विषय एकदम द्यावे लागत नाहीत, नोंदणी पाच वर्षं चालते. माझ्या थोरलीने आधी दोनच विषय द्यायचं ठरवलंय. पण घरी राहायचं की शाळेत, हे त्या वयाच्या मुलाला आधी विचारा. नको म्हणालं तर त्याला शाळेतच राहू द्या आणि धाकट्या दोघांपासून सुरुवात करा.