‘१४७ गुणांचा खंड’ आणि स्नूकरमधला ब्रेक

प्रश्न असा आहे: ज्ञानकोशातली स्नूकर या टेबलावर चेंडूंनी खेळायच्या खेळावरची मराठी नोंद सुधारायला घेतली आहे. तीत ‘ब्रेक’ हा शब्द कुठे ‘खंड’ झाला आहे, कुठे ‘फोड’, तर एका ठिकाणी चक्क ‘विश्रांती’. ‘जो डेव्हिस यांनी १९५५ साली १४७ गुणांचा खंड केला’ या वाक्यातून वाचकाने काय समजायचे? ब्रेकला नेमका मराठी शब्द कोणता?

उत्तर आधीच देऊन टाकतो. ब्रेकला ब्रेकच म्हणा. नोंदीत तो पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात त्याची व्याख्या द्या, आणि तोच शब्द फार वेळा येऊन कानाला खटकू लागला तर ‘खेळी’ वापरा. ‘खंड’ आणि ‘विश्रांती’ ताबडतोब काढून टाका. नोंदीतल्या चुका मात्र एवढ्याने संपणार नाहीत. तुम्ही पाठवलेला मजकूर वाचला. त्यातल्या निम्म्याअधिक चुका ब्रेक म्हणजे काय, फ्रेम म्हणजे काय, रंगीत चेंडू कोणते हे न ठरवता लिहिल्यामुळे झाल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘खंड’ची गंमत अशी की तो मूळ अर्थाच्या बरोबर उलटा आहे. एका खेळाडूने टेबलापाशी येऊन, मध्ये न चुकता, एकामागोमाग एक चेंडू टेबलाच्या कडेच्या खिशांत घालत मिळवलेले गुण म्हणजे त्याचा ब्रेक. फटका चुकला, फाउल (नियमभंग) झाला किंवा चेंडू खिशात न घालता नुसता बचावाचा फटका मारला की ब्रेक तिथेच थांबतो. म्हणजे खंड पडला की ब्रेक संपला. मराठीत म्हणायचेच तर ती अखंड मालिका आहे.

‘फोड’ कुठून आला तेही कळण्यासारखे आहे. पूल या खेळात पहिल्या फटक्याने चेंडूंचा त्रिकोण जोरात फोडतात आणि त्या फटक्याला ब्रेक म्हणतात. कॅरममध्येही आपण सोंगट्या फोडतो. नोंद लिहिणाऱ्याने तेच चित्र स्नूकरवर बसवले. स्नूकरमधल्या पहिल्या फटक्याला ‘ब्रेक-ऑफ’ म्हणतात, नुसते ब्रेक नव्हे, आणि त्यात सहसा काही फुटत नाही. पांढरा चेंडू (काठीने मारायचा तो हाच) इंग्रजी डी अक्षरासारख्या अर्धवर्तुळात ठेवायचा, त्रिकोणाच्या कडेच्या लाल चेंडूला अलगद घासून तो पुन्हा आपल्या टोकाला परत आणायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळणार नाही, असा हा सावध फटका. त्याला नोंदीत ‘सुरुवातीचा फटका’ म्हणा. ‘फोड’ म्हटले की वाचकाला धडाधड विखुरलेले चेंडू दिसू लागतात.

आता ‘खेळी’विषयी. हा शब्द क्रिकेटने मराठीत इतका रुजवला आहे की ‘शतकी खेळी’ म्हटल्यावर कुणालाही स्पष्टीकरण लागत नाही. स्नूकरमध्येही शंभर किंवा अधिक गुणांच्या ब्रेकला शतकच म्हणतात. रॉनी ओसलिव्हनने २०१९ मध्ये कारकिर्दीतले हजारावे शतक पूर्ण केले. साम्य आणखी खोल आहे. क्रिकेटमध्ये अवांतर धावा संघाच्या धावफलकात जातात, फलंदाजाच्या खेळीत धरत नाहीत. स्नूकरमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे मिळालेले चार ते सात गुण तसेच खेळाडूच्या एकूण गुणांत जमा होतात, ब्रेकमध्ये नाही. ज्या फटक्यात फाउल झाला त्यात गेलेला चेंडूही मोजत नाहीत. समजा, साठ गुण झाल्यावर काळा खिशात गेला आणि त्याच्यामागोमाग पांढराही गेला, तर ब्रेक साठाचाच राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला सात गुण मिळतात.

तरीही ‘खेळी’ मुख्य शब्द म्हणून नको, याला दोन कारणे. फलंदाजाची एका डावात एकच खेळी असते; स्नूकरच्या एका फ्रेममध्ये (सामन्याच्या एका फेरीत) एकाच खेळाडूचे पाच-सहा ब्रेक होऊ शकतात. दुसरे, मराठीत खेळी म्हणजे चाल, डावपेचही. ‘त्याने धूर्त खेळी केली’ या वाक्यात गुण मिळाले की बचावाचा फटका मारला, हे सांगता येणार नाही. आणि स्नूकर हा तर धूर्त खेळींचाच खेळ.

आता १४७. नोंदीत ‘एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १४७ गुण मिळवता येतात’ आणि ‘१४७ हा जागतिक विक्रम आहे’ अशी दोन वाक्ये आहेत. दोन्ही चुकीची, आणि दोन्हींचे मूळ ब्रेकच्या अर्थात आहे. लाल चेंडू पंधरा, प्रत्येकी एक गुणाचे. प्रत्येक लाल चेंडूनंतर एक रंगीत चेंडू. त्यांतला सर्वांत मोलाचा काळा, सात गुणांचा. म्हणजे पंधरा वेळा आठ, झाले १२०. मग उरलेले सहा रंगीत चेंडू क्रमाने: पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७, मिळून २७. एकूण १४७, छत्तीस फटक्यांत. ही नेहमीच्या परिस्थितीत एका ब्रेकची कमाल आहे. एका फ्रेममधल्या एकूण गुणांना फाउलच्या गुणांमुळे अशी मर्यादा राहत नाही.

‘नेहमीच्या परिस्थितीत’ हे शब्द मी मुद्दाम घातले. प्रतिस्पर्ध्याने फाउल करून तुम्हाला स्नूकरमध्ये, म्हणजे हवा तो चेंडू सरळ मारता येणार नाही अशा जागी, अडकवून ठेवले तर ‘फ्री बॉल’ मिळतो: एखादा रंगीत चेंडू लाल समजून खेळता येतो आणि त्याचा एक गुण धरतात. पंधराही लाल टेबलावर असताना हे घडले तर आधी एक, मग काळ्याचे सात, आणि त्यानंतर पूर्ण १४७, म्हणजे १५५ पर्यंत जाता येते. हे नुसते कागदावरचे गणित नाही. जेमी बर्नेटने २००४ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत १४८ चा ब्रेक केला. व्यावसायिक स्पर्धेत १४७ ओलांडणारा तो पहिला. तेव्हा वाक्य असे करा: ‘फ्री बॉल न मिळता करता येणारा सर्वांत मोठा ब्रेक १४७ गुणांचा असतो.’

‘पहिला १४७’ हाही असाच सांभाळून वापरायचा शब्दप्रयोग. नोंदीत एका परिच्छेदात हा मान जो डेव्हिसला दिला आहे, पुढच्या परिच्छेदात स्टीव्ह डेव्हिसला. वाचकाला वाटावे एकाच माणसाचे नाव दोनदा चुकले आहे. (दोघे डेव्हिस एकमेकांचे नातलगही नव्हेत.) दोन्ही विधाने विशेषणासह बरोबर आहेत. अधिकृत मान्यता मिळालेला पहिला १४७ जो डेव्हिसचा, १९५५ चा. दूरचित्रवाणीवर दिसलेल्या स्पर्धेतला पहिला स्टीव्ह डेव्हिसचा, १९८२ चा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला पहिला क्लिफ थॉर्बर्नचा, १९८३ चा. विशेषण गाळले की तिघांपैकी दोघांवर अन्याय होतो.

याच मालिकेतला सर्वांत बोलका आकडा ओसलिव्हनच्या १९९७ च्या १४७ चा. तो ५ मिनिटे २० सेकंदांत झाला असे वर्षानुवर्षे छापले जात होते, तुमच्या नोंदीतही तेच आहे. पुढे चित्रफीत पुन्हा तपासली गेली आणि आकडा ५ मिनिटे ८ सेकंद असा सुधारला गेला. वाद घड्याळाच्या अचूकपणाचा कमी आणि व्याख्येचा जास्त होता: ब्रेक नेमका सुरू कधी होतो? प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यानंतर चेंडू थांबल्यावर, की खेळाडूने स्वतः पहिला फटका मारल्यावर? नोंदीत हा वाद एका वाक्यात तरी यायला हवा, नाहीतर पुढचा कुणी संपादक जुना आकडा ‘दुरुस्त’ करून परत आणेल.

‘फ्रेम’ला मूळ लेखकाने ‘डाव’ म्हटले आहे. ‘चौकट’ म्हटले नाही एवढ्याबद्दल त्याचे आभार. पण डाव हा मराठीत अतिशय राबलेला शब्द आहे. ‘आता माझा डाव’ म्हणजे माझी पाळी; क्रिकेटमध्ये डाव म्हणजे एका संघाची फलंदाजी; कुस्तीत डाव म्हणजे पेच. फ्रेममध्ये दोघेही आलटून पालटून खेळतात, त्यामुळे क्रिकेटवरून येणारा वाचक हमखास चकतो. फ्रेमला फ्रेम, टेबलापाशी एकदा येण्याला पाळी, आणि सगळ्या फ्रेम मिळून सामना, एवढे ठरवून टाका आणि डाव हा शब्द या नोंदीतून रजेवर पाठवा. मग ‘१९८५ च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला १८-१७ गुणांनी हरवले’ हे वाक्य आपोआप डोळ्यात खुपेल. जागतिक अजिंक्यपदाच्या त्या सामन्यातल्या अठरा-सतरा या फ्रेम आहेत. पस्तिसाव्या, शेवटच्या फ्रेमचा निकाल शेवटच्या काळ्या चेंडूवर लागला होता. ती एक फ्रेमच एक तासाहून अधिक चालली. ‘गुणांनी’ लिहिले की दोन दिवस चाललेली झुंज पाच मिनिटांची वाटते.

रंगीत चेंडूंचे थोडक्यात. ‘बावीस चेंडूंपैकी एकवीस रंगीत’ हे मराठी म्हणून बरोबर आहे आणि स्नूकर म्हणून चूक. या खेळात लाल चेंडू रंगीत धरत नाहीत आणि काळा धरतात, कितीही विचित्र वाटले तरी. पंधरा लाल, सहा रंगीत, एक पांढरा असेच लिहा. हा फरक नीट सांगितला नाही तर ‘लालनंतर रंगीत’ हा खेळाचा गाभाच वाचकाच्या हाती लागत नाही.

‘पॉट करणे’ला तुम्ही ‘खिशात टाकणे’ सुचवले आहे, ते चालेल. मला ‘घालणे’ अधिक आवडते, पण तो आवडीचा भाग झाला. महत्त्वाचे हे की मराठीत ‘घातला’ आणि ‘गेला’ अशी जोडी आयती आहे, तिचा उपयोग करून घ्या. खेळाडूने लाल चेंडू खिशात घातला. पांढरा चेंडू खिशात गेला. पहिल्याने गुण मिळतात, दुसऱ्याने फाउल होतो. नोंदीत ‘पांढरा चेंडू खिशात टाकल्यास फाउल’ आहे, जणू कुणी तो मुद्दाम टाकतो. ‘सामना खिशात घातला’ हा वर्तमानपत्री वाक्प्रचार मात्र या नोंदीत टाळा, इथे खरेच खिसे आहेत.

राहिले खेळाचे नाव. नोंद म्हणते: ‘स्नूकर म्हणजे अडवणे, त्यावरून खेळाला हे नाव पडले; हा खेळ ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी जबलपूर येथे १८७५ मध्ये शोधला.’ पहिल्या भागात क्रम उलटा झाला आहे. इंग्लंडमधल्या वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या विद्यार्थ्याला स्नूकर म्हणत. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये एका सहकाऱ्याचा फटका चुकल्यावर चेंबरलेन यांनी त्याला तसे हिणवले, मग म्हणाले की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, आणि नाव चिकटले. ही हकीकत त्यांनी स्वतः १९३८ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकाला कळवली. मध्ये दुसरा चेंडू आल्याने हवा तो चेंडू सरळ मारता न येणे, हा अर्थ खेळाच्या नावावरून आला. दुसरा भाग तर वर्षांची वजाबाकी केली असती तरी टळला असता: पंतप्रधान झालेले चेंबरलेन १८६९ साली जन्मले, १८७५ मध्ये ते सहा वर्षांचे होते. जबलपूरचे चेंबरलेन हे त्याच नावाचे दुसरे गृहस्थ, लष्करी अधिकारी, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. पुढे ते उटीला गेले आणि तिथल्या क्लबात १८८२ मध्ये नियम लिहून लावले गेले. म्हणून ‘शोधला’ऐवजी ‘जबलपूरला सुरू झाला, उटीला नियमबद्ध झाला’ असे लिहिणे बरे.

व्याख्येसाठी हे वाक्य घ्या, हवे तसे बदला: ‘एका खेळाडूने एका पाळीत, लागोपाठच्या वैध फटक्यांनी चेंडू खिशात घालून मिळवलेल्या गुणांना त्याचा ब्रेक म्हणतात, प्रतिस्पर्ध्याच्या फाउलचे गुण त्यात धरत नाहीत.’ ब्रेक पुल्लिंगी (‘शतकी ब्रेक केला’), फ्रेम स्त्रीलिंगी, अनेकवचनात दोन्ही जसेच्या तसे. ‘स्नूकर’ आणि ‘स्नुकर’ दोन्ही लेखने नोंदीत आहेत. दीर्घ ठेवा आणि ऱ्हस्व लेखनावरून शोधणाऱ्याला त्याच पानावर आणण्याची सोय करा.