घरटॅक्स वाढला तर जाब विचारायचा कोणाला?

राज्याचं बजेट अन् घरटॅक्स, या दोन गोष्टींवर नागपूरच्या वाचकांची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं. नावं मुद्दाम टाकली नाहीत.

प्रश्न (मानेवाडा): राज्याच्या बजेटमधे घरटॅक्स वाढवल्याचं कुठंच वाचलं नाही, तरी नवीन डिमांड (टॅक्सचं बिल) मागच्या सालापेक्षा जवळपास दुप्पट आलं. खाली आम्ही दोघं, वरच्या मजल्यावर मुलगा-सून, समोर गाडीपुरतं टिनाचं शेड. झोन ऑफिसात विचारलं तर म्हणे वरूनच वाढवलं. मग आम्ही बोलायचं कोणाशी?

उत्तर: काका, घरटॅक्स राज्याच्या बजेटमधे नसतोच, तो महापालिकेचा. कायद्याप्रमाणं पुढच्या सालचे दर महापालिकेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणजे मार्चमधे मुंबईत राज्याचं बजेट वाचलं जाते तोवर तुमच्या टॅक्सचा निर्णय होऊन गेलेला असते. दरावर हरकत घ्यायची, नगरसेवकाला गाठायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, एप्रिलमधे डिमांड हातात आल्यावर नाही.

पण तुमच्या बाबतीत मला दर वाढल्याचं वाटतच नाही. तुम्ही पाठवलेली डिमांडची कॉपी मी नीट पाहिली. वरच्या मजल्यापुढं वापर 'भाडेकरू' टाकलाय अन् टिनाचं शेड आरसीसी म्हणजे पक्क्या स्लॅबच्या बांधकामात धरलंय. सगळा घोळ इथं आहे! टॅक्स निघतो कसा ते पहा, बांधकामाचं क्षेत्रफळ, त्याचा प्रकार, वापर अन् एरिया यावरून वर्षाचं भाडं किती येऊ शकते ते धरतात, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के कायद्यानंच वजा होतात अन् जे उरलं त्याच्यावर टॅक्सची टक्केवारी लागते. समजा भाडं २०,००० धरलं तर टॅक्स १८,००० वर. आता शेडची आरसीसी झाली अन् मुलाचा भाडेकरू झाला तर वरचा आकडाच फुगतो, मग टक्केवारी तीच असली तरी डिमांड फुगणारच. लोकं टक्क्यावरून भांडत राहतात अन् नोंद कोणी पाहत नाही, हे मला खरंच फार लागते कारण टक्का तुमच्या एकट्याच्या अर्जानं बदलत नाही पण नोंद बदलू शकते.

तर घराचं माप स्वतः घ्या, मंजूर नकाशा असेल तर तो, वरच्या मजल्यावरच्या मुलाचं आधार, शेडचे फोटो, असं सगळं लावून लेखी हरकत द्या अन् पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. आकारणी वाढवायच्या आधी नोटीस द्यावी लागते अन् त्याच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते, ती चुकवू नका. हे एवढं जोर देऊन सांगतो कारण पुढं कोर्टात अपील करायचं झालं तर महापालिका कायद्याच्या कलम ४०६ प्रमाणं आधी हरकत घेतलेली असणं लागते अन् टॅक्सची रक्कमही भरावी लागते. नोटीस आलीच नसेल तर अर्जाचं पहिलं वाक्य तेच लिहा. आणि ज्या ऑफिसनं टॅक्स लावला त्यानं हिशेब समजावून द्यायलाच पाहिजे, 'वरून आलं' हे काही उत्तर नाही.

प्रश्न (महाल): आमचं घर ४२० फुटाचं. मुंबईत ५०० फुटापर्यंत घरटॅक्स माफ, मग नागपूरनं काय पाप केलं? सरकार तर एकच आहे ना?

उत्तर: ताई, राग बरोबर आहे. ती माफी जानेवारी २०२२ मधे जाहीर झाली अन् फक्त मुंबई महापालिकेपुरती. आपल्याकडं सगळ्या छोट्या घरांसाठी तशी माफी नाही. घरात कोणी माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर एका घरापुरती राज्याची सवलत आहे, तेवढं विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर छोट्या घराला सूट मिळालीच पाहिजे, महालातल्या दोन खोल्यांच्या घराची ऐपत अन् मोठ्या बंगल्याची ऐपत सारखी नसते. पण त्याचे पैसे राज्यानं द्यावे. ऑक्ट्रॉय गेला, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आता महापालिकेच्या हातात स्वतःचा मोठा टॅक्स म्हणजे हाच. जीएसटीची भरपाई राज्याकडून दर महिन्याला येते, दरसाल ८ टक्के वाढ धरून, पण ते शेवटी दुसऱ्यानं दिलेले पैसे. मुंबईत घोषणा करून मोकळं व्हायचं अन् नागपूरच्या रस्त्या-नाल्यांच्या पैशातून ती भागवायची असं होऊ नये. १० मार्च २०२५ ला मांडलेलं राज्याचं बजेट ७ लाख कोटींचं होतं अन् त्यात ४५ हजार कोटींच्या वर महसुली तूट, म्हणजे मागणी सोपी नाही, मान्य. तरी डिसेंबरात अधिवेशन आपल्याच गावात भरते, पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरच्या जादा खर्चाच्या मागण्या, तिथंच येतात, आमदाराला त्या वेळी धरा.

प्रश्न (हुडकेश्वर): रस्ता कच्चा, नाली नाही, पावसाळ्यात घरासमोर डबकं. ले-आउटमधले लोकं ठरवून राहिले की टॅक्सच भरायचा नाही. बरोबर ना?

उत्तर: नका करू असं. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागते. ६,००० थकले तर महिन्याला १२०, सालाचे १,४४० अन् तेही ज्यांच्याकडं आधीच कमी त्यांच्याच खिशातून. टॅक्स भरा पण सोबत 'निषेध नोंदवून भरतो' असं पत्र द्या, सगळ्या ले-आउटचं एकत्र द्या, त्यात नाली कुठून कुठपर्यंत पाहिजे ते मोजून लिहा. अभय योजना येईल, शास्ती माफ होईल म्हणून थांबणारेही पुष्कळ आहेत. मला त्या योजना पटत नाहीत, वेळेवर भरणाऱ्यावर तो सरळ अन्याय आहे.

प्रश्न (धंतोली): १ एप्रिल २०२५ पासून रेडीरेकनर (जागा-घरांचे सरकारी दर) वाढला, मुंबई सोडून राज्याची सरासरी ४.३९ टक्के. घरटॅक्स पण तेवढा वाढणार का?

उत्तर: आपोआप नाही. रेडीरेकनर मुख्यतः रजिस्ट्रीच्या स्टॅम्प ड्युटीसाठी, आपला टॅक्स भाड्याच्या मूल्यावर आहे. भांडवली मूल्याची पद्धत, म्हणजे घराच्या किमतीवर टॅक्स, जी मुंबईनं २०१० पासून घेतली, ती आली तर मात्र रेडीरेकनरचा संबंध थेट येतो, तसा प्रस्ताव आला की लगेच वाचा. आणि केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अट घातली होती की घरटॅक्सचा किमान दर ठरवा अन् वसुली राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीबरोबर वाढवा, त्यामुळं सगळ्याच महापालिकांवर वाढीचा दबाव आहे.

प्रश्न (सदर): बिलात शिक्षण कर दिसतो. तो कुठं जातो?

उत्तर: राज्याच्या तिजोरीत. १९६२ च्या कायद्याचा तो कर, महापालिका फक्त गोळा करून देते. रोजगार हमी कर पण त्यातलाच, पण तो राहत्या घराला लागत नाही. तुमच्या घराच्या बिलात तो दिसला तर वापर 'अनिवासी' लिहिलाय का ते आधी पहा अन् मानेवाड्याच्या काकांना सांगितला तोच अर्ज करा.