थेंब घालूनही दाब उतरेना

प्रश्न : काचबिंदूसाठी दोन औषधांचे थेंब रोज घालतो, तरी डोळ्यातला दाब २४ च्या खाली येत नाही. औषध बदलावं का?

उत्तर : आधी पद्धत तपासा. दोन्ही थेंब लागोपाठ घातले, तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या. खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब टाका, जास्तीचे गालावरच ओघळतात. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं २ मिनिटं दाबून धरा. उघडझाप केली की औषध नाकात उतरतं. थेंबात टिमोलॉल (डोळ्याचा दाब कमी करणारं एक औषध) असेल तर हे फारच महत्त्वाचं. ते नाकावाटे रक्तात गेलं, तर नाडी मंदावते, दमेकऱ्यांना धाप लागते. (दमा असल्यास डॉक्टरांना सांगितलंय ना?) एवढं करूनही दाब हटला नाही, तर औषध बदलणं किंवा लेझर याचा निर्णय डॉक्टर घेतील. तोवर थेंब स्वतःहून बंद करू नका.