आकाशातून पडलेल्या दगडावरून सूर्यमालेच्या जन्माचं कसं कळतं?

दगड बघून साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं सांगतात तो अंदाजच असणार, असं तुम्ही लिहिलंय. अंदाज नाही हो. मी बेळगावात, उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो, तिथलंच उदाहरण देतो.

साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना थोडा उडतो. उडालेला थेंब हवेतच गोल होतो आणि थिजतो. वाळू चाळली की मोहरीएवढ्या गोळ्या चाळणीत उरतात. एका अशनीचा, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केचा, कापलेला तुकडा मी भिंगातून बघितला आणि बघतच राहिलो. आत तशाच गोळ्या, पण दगडाच्या! त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवतीच्या धुळीत तरंगणारे ते वितळलेले थेंब. ग्रह तेव्हा व्हायचे होते. एवढी धग कुठून आली, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आता वयाचं. १९६९ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत आयेंदे अशनी पडली. तिच्यात गोळ्यांशेजारी कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढुरके ठिपके आहेत. अशा ठिपक्यांत किंचित युरेनियम असतं आणि ठरल्या गतीनं त्याचं शिसं होत जातं. युरेनियमचे प्रकार दोन, गती वेगवेगळ्या, त्यांचं शिसंही वेगळं. म्हणून एकाचा हिशेब दुसऱ्यावर ताडून बघता येतो. वय निघतं सुमारे ४५६.७ कोटी वर्षं, आणि तेच सूर्यमालेच्या जन्माचं धरतात. आपल्या पायाखालचा काळा दगड जेमतेम ६.६ कोटींचा.

त्याच ठिपक्यांत मॅग्नेशियमचा एक प्रकार जरा जास्तच सापडतो. तो ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी, म्हणजे आपोआप बदलत उष्णता देणाऱ्या ॲल्युमिनियमपासून झालेला. हे ॲल्युमिनियम सात लाख वर्षांत निम्मं संपतं, म्हणजे ठिपके बनताना ते ताजं होतं. त्याच्याच उष्णतेनं त्या काळातले कितीतरी छोट्या ग्रहांसारखे गोल आतून वितळले. लोखंड जड, ते तळाला, म्हणजे गोलाच्या मध्याशी गेलं. दगडी भाग वर आला. भट्टीत रस खाली आणि मळी, म्हणजे वितळलेला कचरा, वर, अगदी तसंच. लोखंडी अशनी बहुतेक त्या तळाचेच तुकडे.

धारवाडकडंही १८४८ साली अशनी पडलीय, तेव्हा आपल्या भागात पुन्हा पडू शकते. पडताना दिसली तर धुऊ नका, घासू नका. दगडाच्या आत न गंजलेल्या धातूचे कण असतात. खानापूरच्या पावसात आमचं कास्टिंग एका रात्रीत तांबेरतं, तिथं त्या दगडाचं काय होईल? कोरडी ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.